आढ्याखाली खांब नको

एल्डन हॉगनने बिटररूटच्या खोऱ्यात दुसऱ्यांसाठी एक्केचाळीस घरे बांधली, आणि स्वतः मात्र सव्वीस वर्षे पत्र्याच्या घरात काढली. कारखान्यातून चाकांवर ओढत आणलेले, चौदा फूट रुंदीचे ते लांबोडके घर त्याच्या लाकडाच्या आवारातच एका कोपऱ्यात उभे होते. गारा पडू लागल्या की छतावर असा ताशा वाजे की जेवताना मीठ मागायचे तर हाताने खूण करावी लागे.

त्याच आवारात एकाहून एक देखणी घरे उभी राहत आणि महिन्या-दोन महिन्यांनी ट्रकवर चढून निघून जात. धंद्याची रीतच तशी होती. अख्खे ओंडके सोलायचे, कोपऱ्यांना खाचा पाडून ते एकावर एक रचायचे, घर आधी आवारात पुरते उभे करायचे. मग प्रत्येक ओंडक्यावर नंबराची पत्र्याची टिकली ठोकून सगळे उतरवायचे आणि जिथे घर हवे तिथे नेऊन पुन्हा तसेच रचायचे. एल्डनच्या खाचेत पोस्टकार्ड सरकत नसे. नववीत शाळा सुटली तेव्हापासून त्याचे हात लाकडात होते. आधी वडिलांबरोबर करवतीच्या गिरणीत, गिरणी बंद पडल्यावर एका म्हाताऱ्या फिनिश सुताराच्या हाताखाली. एखादा ओंडका सरळ आहे का हे बघायला तो एक डोळा मिटून घेई, आणि ती सवय इतकी मुरली होती की नव्या माणसाशी बोलतानाही त्याचा डावा डोळा मिटलेला असे. तोंडात दात कोरायची काडी. कोणाला "नाही" म्हणणे त्याला जमत नसे. नाही म्हणायचे असले की तो म्हणे, "पाहू."

त्याचे नकाशे खाटकाच्या दुकानातल्या तपकिरी कागदावर, सुताराच्या चपट्या पेन्सिलने काढलेले असत. असे नऊ नकाशे शेडमधल्या खिळ्यांना लटकत. त्यांतला सातवा त्याचा लाडका. त्यावरून त्याने सहा घरे बांधली होती आणि सहाही ताठ उभी होती. नकाशा कधी कोणा इंजिनिअरला दाखवायची गरज त्याला वाटली नव्हती. "झाडच सांगतं मला," तो म्हणे. ज्या खेडेगावांत तो बांधी तिथे कोणी विचारायलाही येत नसे.

त्याची बायको आर्लिस शाळेच्या स्वयंपाकघरात होती. रोज दोनशे मुलांचे जेवण. बाई तक्रारखोर अजिबात नव्हती, पण बिनचूक होती. अठ्ठावन्नाव्या वर्षी एका सकाळी एल्डन तिला म्हणाला, "वर डोंगरात, लॉस्ट स्पून ओढ्यावरच्या तुझ्या वडिलांच्या जागेवर आपलं घर बांधू. सातवा नकाशा." तेव्हा तिने हातातला कप खाली ठेवला आणि एवढेच विचारले, "खांबासकट?"

सातव्या नकाशात बैठकीच्या बरोबर मधोमध एक जाडजूड खांब होता. छपराच्या कण्याचा जो सगळ्यात वरचा ओंडका, म्हणजे आढे, त्याला तो खालून पेलत असे. त्या नकाशाच्या सहाही घरांच्या वास्तूच्या जेवणाला आर्लिस गेली होती, आणि प्रत्येक घरात हातात भांडी घेऊन त्या खांबाला वळसा घालून चालली होती.

"मला खांब नको," ती म्हणाली. "चर्चच्या बायकांची रजई शिवायची चौकट दहा फूट बाय दहा फूट आहे. बारा जणी बसतात तिच्याभोवती. सव्वीस वर्षं मी दुसऱ्यांच्या घरी जाऊन टाके घालतेय. एकदा माझ्या घरी सगळ्यांना बोलवायचंय, आणि खांबाला रजईत शिवून टाकायचं नाहीये."

एल्डन म्हणाला, "पाहू." पण या खेपेचे 'पाहू' निराळे होते. तो तिला हाताला धरून शेडकडे घेऊन गेला आणि ताडपत्री दूर केली. खाली नऊ वर्षे जपून ठेवलेला डग्लस फरचा ओंडका होता. वणव्यात उभ्याउभ्या मेलेले झाड; अठ्ठेचाळीस फूट लांब, निमुळत्या टोकालाही वीस इंच जाड, मधासारखा रंग. कितीतरी गिऱ्हाइकांनी तो मागितला होता आणि सगळ्यांना 'पाहू' मिळाले होते.

"हे आपलं आढं," एल्डन म्हणाला. "याला कसला खांब लागतोय."

त्या उन्हाळ्यात एल्डनच्या अंगात वारे भरले होते. पहाटेच उठून तो करवत चालू करी. त्याचा जुना मित्र क्लाइड मॅबरी क्रेन चालवायचा आणि एका कानाने बहिरा होता, तो म्हणे, "दुसऱ्या कानानंही बहिरा करणार हा मला." ऑगस्टअखेर भिंती आठ फूट वर आल्या. आढे चढवायचे तेवढे राहिले. ते चढवून, सगळे उतरवून, बर्फाने वरचा रस्ता बंद व्हायच्या आत लॉस्ट स्पूनवर नेऊन पुन्हा उभे करायचे होते. एवढ्या वर न्यायला क्लाइडची क्रेन त्या हंगामात एकाच शनिवारी मोकळी होती, अठरा ऑक्टोबरला.

आर्लिस मात्र रोज कामावरून परतताना त्या बिनछपराच्या भिंतींपाशी थांबून वर रिकाम्या आकाशाकडे बघायची. दोनशे मुलांचा रस्सा दीडशेच्या पातेल्यात मावत नाही, हे तिला ठाऊक होते. एके दिवशी तिने सातवा नकाशा खिळ्यावरून काढला, गुंडाळी केली, आणि हॅमिल्टन गावात औषधांच्या दुकानाच्या माडीवर जी नवी इंजिनिअर मुलगी बसू लागली होती तिच्यापुढे नेऊन ठेवला.

एल्डनला रिकामा खिळा दिसला तो दुसऱ्या दिवशी.

"कुणाला दिलास?"

"मिलेना राडोविच म्हणून आहे. ब्यूटची आहे, खाणींच्या गावची. आजोबा खाणीत लाकडी टेकू लावायचे तिचे."

"खाणीत," एल्डन म्हणाला. काडी तोंडाच्या एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात गेली. "माझं पत्र फोडून शेजाऱ्याला वाचायला दिलंस, असं वाटतंय मला."

"पत्र मला लिहिलेलं होतं ना? मग मी दाखवलं."

संध्याकाळभर तो आवारात पडलेल्या ढलप्या गोळा करत राहिला. त्या एरवी कोणीच गोळा करत नसे.

मिलेना राडोविच आली ती सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात, ठोकर खाल्लेल्या पिकअप गाडीतून. वय एकोणतीस, केस कापडात बांधलेले, बगलेत तपकिरी कागदाची गुंडाळी आणि तिच्याबरोबर आकडेमोडीचे चार कागद. गाडीतून उतरल्यावर ती आधी घराभोवती एक फेरी मारून आली. एका खाचेपाशी थांबून खिशातून तिने पावती काढली आणि फटीत सरकवून पाहिली. पावती आत गेली नाही. एल्डनने हे पाहिले. त्याचा मिटलेला डोळा अर्धा उघडला.

"मिस्टर हॉगन," ती म्हणाली, "असं काम मी कधी पाहिलं नाही. म्हणूनच भीती वाटतेय."

"बोल पोरी."

"हा नकाशा तुम्ही सहा वेळा बांधलात. सहाही घरं खोऱ्याच्या तळाला, खाली?"

"खाली."

"तळाला छपरावर बर्फाचं वजन धरतात चौरस फुटाला तीस पौंड. लॉस्ट स्पून तिथून दोन हजार फूट वर आहे. मी तिथली बर्फ मोजणीची वीस वर्षांची नोंद काढली. तिथे एकशे दहा धरायला हवं."

क्लाइड चांगला कान पुढे करून उभा होता. "म्हणजे किती ते गायींत सांगा, इंजिनिअरबाई. पौंड याला कळत नाहीत."

मिलेनाने कागदाच्या मागे दोन ओळींत हिशेब केला. "छप्पर अठराशे चौरस फूट. खाली या छपरावर पंचेचाळीस गायी उभ्या राहतात. वर एकशे पासष्ट."

"दूध काढायला शिडी लागेल," क्लाइड म्हणाला.

कोणी हसले नाही. मिलेना हलक्या आवाजात पुढे बोलली. "आणि सहाही घरांत खांब होता. इथे नाही. खांब काढला की आढ्याचं मोकळं अंतर दुप्पट होतं. अंतर दुप्पट झालं, की तेवढ्याच बर्फाखाली वाकवणारा ताण चौपट होतो. वर बर्फही साडेतीनपटीहून जास्त—"

"पंधरापट," आर्लिस म्हणाली. तिने डोक्यात गुणाकार केला होता. "जवळजवळ पंधरापट, एल्डन."

एल्डन एकदा आढ्याच्या रिकाम्या जागेकडे आणि एकदा बायकोकडे पाहत राहिला. मग तो असे काही बोलला की पुढे किती दिवस त्याला त्याची लाज वाटत राहिली. "मग खांब घालू. खांब घातला, आणखी एखादा टेकू दिला, की आढं राहतं. नाही का पोरी? नऊ वर्षं ठेवलंय मी ते."

आर्लिसने एप्रनला हात पुसले. हात कोरडेच होते. तिच्या मनातल्या घरात बसलेल्या बारा बायका त्या वेळी उठून चालू लागल्या होत्या, आणि एल्डनला ते दिसले.

"आधी ओंडका बघू या," मिलेना म्हणाली.

शेडमध्ये एल्डनने ताडपत्री ओढली. ओंडक्याच्या टोकावर खडूने मोठे 'उ' लिहिले होते, म्हणजे उजव्या पिळाचा. झाड वाढते तेव्हा त्याच्या रेषा सरळ वर जात नाहीत, दोरीसारखा पीळ घेत जातात. उजवा पीळ चालतो. डावा पीळ मात्र सुतार वर चढवत नाहीत. ते लाकूड कमजोर असते आणि वाळताना अंग मुरडत राहते. भाराखाली त्याचा भरवसा नाही. ओळखायची रीत साधी आहे: उजवा तळहात ओंडक्यावर ठेवायचा, बोटे ओंडक्याच्या लांबीकडे. रेषा अंगठ्याच्या बाजूला झुकल्या तर डावा पीळ, करंगळीकडे झुकल्या तर उजवा.

मिलेनाने उजवा हात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग ओंडक्याच्या दुसऱ्या टोकाला जाऊन पुन्हा ठेवला.

"अंगठ्याकडे जातायत," ती म्हणाली.

"शक्य नाही. मी स्वतः बघितलंय." एल्डनने हात ठेवला. बारीक चिरा लाकडाच्या अंगावरून तिरक्या जात होत्या, शांतपणे, अंगठ्याच्या दिशेने. त्याने हात उचलला, पँटला पुसला, पुन्हा ठेवला. क्लाइडने आपला हात त्याच्याशेजारी ठेवला. चौघे जण त्या ओंडक्याभोवती डॉक्टरसारखे हात ठेवून उभे राहिले.

"हे झाड कोणत्या साली आणलंस?" आर्लिसने विचारले.

"वणवा झाला त्या साली."

"त्या उन्हाळ्यात तुझा उजवा हात प्लास्टरमध्ये होता. तू डाव्या हातानं जेवायचास. शर्टावर सांडायचास."

डावा हात ठेवला की अंगठा उलट्या बाजूला जातो. तिसाहून अधिक वर्षे लाकडात काढलेल्या माणसाने त्या दिवशी डाव्या हाताने पाहिले, खडूने 'उ' लिहिले, आणि खडूची खूण झाल्यावर पुन्हा बघायचे नसते म्हणून पुन्हा पाहिलेच नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणतात. वणव्याने झाड जाळले होते, पीळ होता तिथेच होता.

एल्डन एका ठोकळ्यावर बसला. "हे मी लोकांच्या डोक्यावर चढवणार होतो," तो म्हणाला. "बारा बायकांच्या डोक्यावर."

"चढवलं नाहीत," मिलेना म्हणाली. "आणि खांब घालूनही ते चाललं नसतं, त्यामुळे आता त्या वाटेचा विचारच नको. माझा चौथा कागद अजून बाकी आहे."

तिने तो कागद त्या ओंडक्यावरच पसरला. त्यावर लाकडी कैची काढली होती. घराच्या दोन लांब भिंतींवर आडवा टेकलेला एक ओंडका, त्याच्या दोन टोकांपासून वर जाऊन एकमेकांना भिडणारे दोन तिरके ओंडके, आणि मधोमध शेंड्यापासून खाली आडव्या ओंडक्यापर्यंत एक उभा. आढे त्या शेंड्यावर टेकणार होते. एक लांब आढे न घेता दोन तोकडी, कैचीवर एकमेकांना भेटणारी. जमिनीपर्यंत काहीच येत नव्हते.

"भार दोन्ही भिंतींवर जातो," मिलेना म्हणाली. "खाली जमीन मोकळी."

एल्डनने डावा डोळा मिटला आणि कागदाकडे पाहिले. मग त्याने तो डोळा उघडला. असे क्वचितच घडे. तो उठून उभा राहिला.

"अगं, म्हणजे ही भिंतींबरोबर खाली उतरणार," तो म्हणाला. "क्लाइड, ऐकतोयस का? ओली लाकडं वाळतात, चार वर्षांत भिंत चार-पाच इंच खाली बसते. खांब लांबीला आटत नाही. तो तसाच उभा. म्हणून मी प्रत्येक खांबाखाली जॅक घालतो, आणि गिऱ्हाईक दर वसंतात तो थोडा खाली घ्यायचा विसरतं, आणि छपराला उंटासारखा उंचवटा येतो. ही कैची भिंतीवरच बसलीय. भिंत खाली, तर हीही खाली. सगळं घर एकदम बसणार. जॅकच नको." त्याने काडी तोंडातून काढली. "तीस वर्षं मी जॅक घालतोय, पोरी."

"एक अडचण आहे," मिलेना म्हणाली. "कैचीचं पूर्वेचं टोक बरोबर स्वयंपाकघराच्या खिडकीवर येतंय. खिडकी दोन फूट सरकवावी लागेल."

सगळ्यांनी आर्लिसकडे पाहिले.

"कोणत्या बाजूला?"

"ओढ्याच्या."

"मग आधीच का नाही सरकवली," आर्लिस म्हणाली.

तिथून पुढचे तीन आठवडे आवाराला जत्रेचे रूप आले. प्लायवूडचे तक्ते जमिनीवर जोडून त्यांवर खडूच्या दोरीने कैची पूर्ण मापाची आखली गेली. मिलेना दर शुक्रवारी संध्याकाळी ब्यूटची मांसाची करंजी कागदात गुंडाळून आणायची आणि उभ्याउभ्या खात वाद घालायची. पहिला वाद लोखंडावरून झाला.

"लाकडात लोखंड?" एल्डन म्हणाला. "माझ्या घरात कुणाला बोल्ट दिसला तर मी तोंड दाखवणार नाही."

"दिसणार नाही. आत बसेल, वर लाकडाची खुंटी. पण कैचीचे तिरके पाय खाली जोर लावून बाहेर सरकायला बघतात. त्यांना तिथे धरायला काहीतरी हवं."

"मग आडव्या ओंडक्याचं हे टोक एवढं तोकडं का ठेवलंस? तिरक्याचा जोर या खाचेवर येणार, आणि खाचेपुढचं लाकूड शेंगेसारखं फुटून निघणार. मी बघितलंय फुटलेलं. खाचेपुढे आणखी सोळा इंच सोड."

मिलेनाने करंजी बाजूला ठेवली, पेन्सिल काढली आणि दहा मिनिटे हिशेब केला. "बारा पुरतील," ती शेवटी म्हणाली. "पण तुमचं बरोबर आहे. मी तोकडं धरलं होतं."

"सोळाच सोड. चार माझे."

त्यानंतर एल्डनने तिला 'पोरी' म्हणणे सोडले नाही, पण तिच्यासाठी कॉफीचा वेगळा कप शेडमध्ये ठेवला. एका शुक्रवारी तिने त्याच्या कागदावर एक आकडा लिहून त्याला गोल केला. "दोन्ही आढी चढली आणि क्रेनचा पट्टा सुटला की कैचीचा खालचा ओंडका स्वतःच्या वजनानं इतका वाकेल. एक अष्टमांश इंच. पाव इंचाहून जास्त वाकला तर मला हाक मारा, मी काय चुकलं ते शोधेन."

"हाक कशाला," एल्डन म्हणाला. "तू तिथेच असशील."

डाव्या पिळाच्या ओंडक्याचे काय करायचे, हे ठरवायला त्याला एक आठवडा लागला. शेवटी त्याने तो पुढच्या ओसरीच्या बुडाशी घातला, सबंध लांबी पायावर टेकलेला. तिथे त्याला काही पेलायचे नव्हते, नुसते पडून राहायचे होते. 'उ' त्याने स्वतः रंध्याने काढून टाकला.

अठरा ऑक्टोबरला सकाळी लॉस्ट स्पूनवर लार्चची झाडे पिवळीधमक होती आणि त्यांच्यामागे आभाळ शिशाच्या रंगाचे. आदल्या दोन आठवड्यांत भिंती पुन्हा रचून झाल्या होत्या, तळाच्या फळ्या ठोकल्या होत्या. चर्चच्या बायका बटाट्याचे तवे, हकलबेरी या रानफळाचे केक आणि फडक्यात गुंडाळलेल्या लेफ्साच्या पातळ पोळ्या घेऊन गाड्यांतून आल्या. अशा दिवशी रिकाम्या हाताने कोणी येत नाही. आर्लिसने भिंतीबाहेर चूल मांडली आणि कॉफीचे मोठे भांडे चढवले.

क्लाइडने कैची उचलली. दोन टनांचे लाकूड पिवळ्या झाडांवरून सावकाश फिरत आले. एल्डन पश्चिमेच्या भिंतीवर, मिलेना पूर्वेच्या, दोघांच्या कमरेला दोर.

"चार इंच खाली," एल्डनने बोट दाखवले. "दोन. एक. सोड."

पश्चिमेचे टोक खाचेत बसले. पूर्वेचे बसले नाही. ओंडका खाचेच्या दोन बोटे वर अडकून राहिला.

"वर घे," मिलेना ओरडली. "पुन्हा आण."

पुन्हा आणले. पुन्हा दोन बोटे वर. आभाळातून पहिले पांढरे कण उतरू लागले. क्लाइडने केबिनच्या खिडकीतून डोके काढले. "एल्डन, वारा सुटला तर मला हे खाली ठेवावं लागेल. आणि सोमवारी क्रेन दुसरीकडे जाते."

"माप बरोबर आहे," एल्डन म्हणाला. "आवारात बसली होती. मी दोनदा बसवलीय."

मिलेना पोटावर आडवी झाली आणि ओंडक्याखालून खाचेत हात घातला. हात बाहेर काढला तेव्हा बोटांच्या टोकांवर काचेसारखे काही चमकत होते. "बर्फ," ती म्हणाली. "रात्री पाऊस पडला असणार. खाचेत साचून गोठलाय. दगड झालाय इथे."

"पटाशी?" एल्डनने विचारले.

"पटाशीनं खाच चेचली जाईल. तासभर लागेल."

खालून आर्लिसचा आवाज आला. तो चढलेला नव्हता. दोनशे मुलांची रांग हलवणाऱ्या बाईचा होता. "उकळतं किती हवंय?"

कॉफीचे मोठे भांडे दोरीने वर गेले. मिलेनाने खाचेत ते पूर्ण उपडे केले. वाफेचा ढग उठला आणि भिंतीवरून तपकिरी ओघळ खाली आले. आर्लिसने मागोमाग पाण्याच्या दोन किटल्या पाठवल्या, मग बटाटे उकडलेल्या पाण्याचे पातेले. खाली एका बाईने विचारले की रस्साही पाठवायचा का. मिलेनाने ओल्या बाहीने खाच पुसली आणि हात वर केला.

"आता."

क्लाइडने सोडले. पूर्वेचे टोक सरकत खाली आले, थांबले, आणि धप्पदिशी बसले. तो आवाज भिंतीतून सगळ्यांच्या पायांपर्यंत आला. एल्डनने खिशातून पोस्टकार्ड काढून खाचेत घालून पाहिले. ते आत गेले नाही. कार्ड त्याने तसेच खिशात घातले, कारण अजून आढी चढायची होती.

पहिले आढे चढले. दुसरे चढले. कैचीच्या शेंड्यावर दोन्ही एकमेकांना भेटली. सुयांएवढे बर्फाचे कण आता क्लाइडच्या काचेवर चिकटू लागले होते. मिलेनाने कैचीच्या खालच्या ओंडक्याला टोकापासून टोकापर्यंत दोरा ताणून बांधला. मग एल्डनने मान हलवली आणि क्लाइडने पट्टा ढिला केला.

कडकन आवाज झाला.

खाली उभ्या असलेल्यांपैकी दोघी मागे सरल्या. आर्लिस जागेवरून हलली नाही. एल्डनने दोन्ही हात लाकडावर पसरून ठेवले आणि तसाच थांबला. आणखी एक बारीक करकर झाली, नवा बूट पहिल्यांदा घालून चालावे तशी, आणि मग काही नाही.

"खाचा बसतायत," तो म्हणाला. "माप, पोरी. तूच माप."

मिलेना ओंडक्यावर बसून मधोमध सरकत गेली. दोऱ्यापाशी पट्टी धरली आणि डोके खाली केले. वरच्या दोघांखेरीज कोणाला काही दिसत नव्हते, आणि एल्डनने नेहमीप्रमाणे डावा डोळा मिटला होता.

"एक अष्टमांश," ती म्हणाली. "केसभर कमीच."

"एकशे पासष्ट गायी," क्लाइड केबिनमधून म्हणाला. "घेऊन या त्यांना."

मग चर्चच्या बायका एकदम बोलू लागल्या, केक आणणारी एक बाई रडली, कोणीतरी मिलेनाच्या भिजलेल्या बाहीवर कोरडा कोट टाकला. एल्डन वरच बसून राहिला. त्याला खाली यायचे नव्हते असे नाही. त्याला आधी काहीतरी बघायचे होते.

आर्लिस दारातून आत आली. ओसरीच्या बुडाचा मधाच्या रंगाचा ओंडका तिने न बघता ओलांडला. हातात रिकामे पातेले होते. दारातून ती थेट समोरच्या भिंतीकडे चालू लागली, खोलीच्या बरोबर मधून, कुठेही न वळता, पाऊल मोजून टाकत. भिंतीला हात लावला आणि वर पाहिले.

"काय गं?" एल्डनने वरून विचारले.

"काही नाही. मोजत होते."

"किती भरली?"

"अकरा पावलं," आर्लिस म्हणाली. "सगळी सरळ."